खिडकी कुणाच्या हाती?

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायात एक रीत रुळली आहे. रात्री साडेदहाच्या सुमारास मोबाईलवर एक चित्र येते. उजेडासमोर धरलेल्या सी. टी. फिल्मचा फोटो, कोपऱ्यात ट्यूबलाइटची तिरीप आणि खाली एक ओळ : ‘सर, जरा बघून सांगता का?’ आपण बघतो आणि सांगतोही. हे सांगणे आपण थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सी. टी. चे यंत्र मुळात चित्र काढत नाही, ते संख्या मोजते. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंजिनिअरने बनविलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. त्याच्याच नावाच्या एककात पाणी म्हणजे ०, हवा उणे १०००, चरबी सुमारे उणे १००, मेंदूचे द्रव्य साधारण २५ ते ४०, नुकतेच गोठलेले रक्त ५० ते ८०, आणि कवटीचे घट्ट हाड १००० च्या आसपास किंवा वर. एवढा मोठा पल्ला साध्या मॉनिटरच्या २५६ करड्या छटांत मावायचा कसा? म्हणून कुणीतरी ठरवावे लागते की, या संख्यांपैकी एवढाच पट्टा दाखवायचा. त्याखालचे सारे काळे, वरचे सारे पांढरे. या पट्ट्यालाच ‘विंडो’ म्हणतात. त्याची रुंदी आणि त्याचा मध्य हे दोन आकडे ज्याच्या हाती, त्याच्या हाती आपली दृष्टी!

मेंदूसाठी रूढ विंडो म्हणजे रुंदी ८०, मध्य ४०. तीत ० ते ८० एवढेच दिसते. करड्या आणि पांढऱ्या द्रव्यातला सूक्ष्म फरक तीत सुरेख उठतो. पण ७० वरचे ताजे रक्त आणि १००० वरचे हाड, दोन्ही जवळजवळ सारखीच पांढरी दिसतात. कवटीच्या आतल्या कडेला चिकटलेला रक्ताचा पातळ थर अशा चित्रात हाडातच विरून जातो. रुंदी २०० आणि मध्य ८० केला की तोच थर करडा होऊन हाडापासून सुटा दिसू लागतो. रुग्ण तोच, स्कॅन तोच, संख्याही त्याच.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण अंगी भिनले ते एका चुकीमुळे. सुमारे दहा वर्षांपूर्वी माझ्या जुन्या परिचयातले चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ न्हाणीघरात घसरून पडले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ते रक्त गोठू न देणारी गोळी घेत होते. संध्याकाळी त्यांचा पुतण्या फिल्म घेऊन आला; अहवाल दुसऱ्या दिवशी मिळणार होता. मी फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली, दोन मिनिटे पाहिली आणि म्हणालो, “काही नाही, काका ठीक आहेत. रात्रीची गोळी चुकवू नका.” सकाळी ते झोपेतून नीट जागे होईनात. अहवाल त्याच सुमारास हाती आला. रेडिओलॉजिस्टने मॉनिटरवर विंडो रुंद करून पाहिली होती आणि डाव्या बाजूचे पातळ सबड्यूरल स्वच्छ नोंदवले होते. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण शब्द त्यांना पूर्वीसारखे सापडले नाहीत. गावातल्या गणेशोत्सवात तासभर बोलणारा हा माणूस पुढे खुणांवर आला. चूक फिल्म छापणाऱ्याची नव्हती, मेंदूची फिल्म मेंदूच्याच विंडोत छापली जाते. चूक माझी होती. दुसऱ्या कुणीतरी निवडलेल्या पट्ट्यालाच मी संपूर्ण तपासणी समजलो.

फिल्म म्हणजे गोठवलेली विंडो, आणि फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो म्हणजे तिच्यावर कॅमेऱ्याने आपल्या मर्जीने चढवलेली दुसरी विंडो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत छातीच्या स्कॅनचे असले फोटो आपण सर्वांनीच शेकड्यांनी पाहिले. तेव्हा इलाज नव्हता. आज आहे. सी. डी. वर डायकॉम स्वरूपातल्या मूळ संख्या असतात. थ्री-डी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप ही विनामूल्य सॉफ्टवेअर कुठल्याही बऱ्या संगणकावर चालतात. माउस ओढला की विंडो बदलते आणि मूळ संख्येला धक्काही लागत नाही.

मात्र इथेही एक खाचखळगा आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचताना तो मला वारंवार आढळतो. गाठीची हद्द आखून तिचे आकारमान काढणे, म्हणजे सेगमेंटेशन, हल्ली घरोघर झाले आहे. आकड्यांची मर्यादा देऊन संगणकाकडून हद्द आखून घेतली, तर विंडोचा त्यावर परिणाम होत नाही. पण विद्यार्थी स्वतः माउसने कड रंगवतो तेव्हा तो डोळ्यांना दिसेल तेच रंगवतो. फुफ्फुसातली गाठ फुफ्फुसाच्या विंडोत मोठी आणि छातीच्या मध्यभागासाठीच्या विंडोत लहान दिसते. फ्लाइशनर सोसायटीच्या २०१७ च्या शिफारशींनुसार, धोका कमी असलेल्या रुग्णातल्या ६ मि. मी. हून लहान घन गाठीसाठी नेहमीच्या फेरतपासणीची गरज नसते. तेव्हा एका मिलिमीटरचा खेळही क्षुल्लक नाही. तरीही प्रबंधात विंडोचे दोन आकडे लिहिलेले क्वचितच सापडतात. सूक्ष्मदर्शकातली चित्रे हाताळणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. इमेज-जे मध्ये आठ-बिट चित्राचा उजळपणा बदलून ‘अप्लाय’ दाबले की मूळ संख्याच बदलतात.

“रात्री सी. डी. उघडत बसायला वेळ कुणाला? आणि रेडिओलॉजिस्ट कशासाठी आहे?” असे माझे एक सर्जन मित्र विचारतात. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, वेळ नसेल तर मतही देऊ नये. दुसऱ्याशी मी पूर्ण सहमत आहे. मग त्याच्या अहवालाची वाट पाहावी, किंवा त्याला फोन करून उठवावे. तो रागावेल, पण त्या रात्री मी तेवढे केले असते तर ती गोळी थांबली असती.

आपल्या संस्थेच्या पुढच्या सभेत एखादे व्याख्यान कमी करून अर्धा तास या विषयाला द्यावा, अशी कार्यकारिणीला विनंती आहे. लॅपटॉप आणि पडदा कुणीही आणावा. त्या गृहस्थांची फिल्म आणि सी. डी. मी जपून ठेवली आहे. नाव झाकून दोन्ही घेऊन येईन. आधी फिल्म दाखवीन, आणि कोणाकोणाला थर दिसतो ते हात वर करून सांगायचे.