दुपारचें ऊन आणि आपलें कर्तव्य

आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागांत ऋतुवर्णनांना कधीं तोटा नसतो. पावसाळ्यावर दरवर्षीं तीन-चार कविता येतात, हिवाळ्यांतील सहलींचीं वर्णनें येतात; पण नागपूरचा उन्हाळा, जो आपणां सर्वांच्या वर्षाचा चांगला मोठा हिस्सा व्यापून बसतो, त्याविषयीं कोणी लेखणी उचलीत नाहीं. ‘ऊन फार आहे’ यापलीकडे त्याविषयीं बोलण्यासारखें कांहीं आहे असें आपणांस वाटतच नाहीं. यंदा मात्र या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस आवश्यक वाटतें. तें कां, हें एका लहानशा प्रसंगावरून सांगतों.

गेल्या एप्रिलमध्यें हवामान खात्याकडून उष्णतेच्या लाटेचा इशारा आला. शाळा सकाळची झालेली होतीच; ती आणखी अर्धा तास आधीं सोडावी असें ठरलें. मुलें डोक्याला दुपट्टे गुंडाळून साडेदहाच्या सुमारास फाटकाबाहेर पडूं लागलीं. त्याच वेळीं मागच्या मैदानाच्या कडेला नव्या वर्गखोल्यांचें बांधकाम चाललें होतें. गवंडी पहाडावर उभे होते, आणि डोक्यावर विटा घेतलेल्या बाया खालींवर करीत होत्या. त्यांचा दिवस तेव्हां कोठें मध्यावर येत होता. आठवीतील एक विद्यार्थी घरीं जातां जातां थांबला, त्यानें बांधकामाकडे पाहिलें आणि आम्हांस विचारिलें, “सर, हा इशारा त्यांना नाहीं का?”

‘तीं माणसें ठेकेदाराचीं आहेत’ असें कांहींसें आम्हीं उत्तर दिलें. आणि देतांनाच तें उत्तर नव्हे हें आमच्या ध्यानांत आलें. मुलगा भला होता. तो पुढें कांहीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं दुपारीं एकच्या सुमारास त्यांतील एक बाई घमेल्यासह खालीं बसली ती उठेना. तिला लिंबाखालीं निजवून ओल्या फडक्यांनीं अंग पुसलें, वारा घातला, तेव्हां तासाभरानें तिला हुशारी आली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती पुन्हां कामावर हजर! एक दिवस घरीं राहावें तर एका दिवसाची रोजी बुडते, हा हिशेब तिला आमच्याहून चांगला ठाऊक होता.

तेव्हांपासून आमच्या मनांत जो विचार घोळत आहे तो असा कीं, उष्णतेचा इशारा ही केवळ एक बातमी नव्हे. ज्याच्या हातीं दुसऱ्याचें घड्याळ आहे त्याच्यावर तो इशारा एक जबाबदारी टाकीत असतो.

प्रथम हा इशारा म्हणजे काय तें पाहूं. आपल्या देशांत हवामान खात्याची स्थापना १८७५ सालीं झाली, आणि विदर्भाचे अंदाज आज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून प्रसिद्ध होतात. सपाट प्रदेशांत कमाल तापमान ४० अंशांवर गेलें आणि तें तेथील सरासरीहून साडेचार अंशांनीं किंवा अधिक चढलें, अथवा सरळ ४५ अंशांवर पोंचलें, कीं खातें त्यास उष्णतेची लाट समजतें; ४७ अंशांवर तीच तीव्र लाट होते. पुढील पांच दिवसांचा इशारा जिल्हावार दिला जातो व त्यास रंग असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारींत राहा, आणि तांबडा म्हणजे आतां हालचाल करा. शेतकऱ्याला पावसाविषयीं इतकें नेमकें आधीं कळलें असतें तर त्यानें दिवाळी केली असती. आपल्याला उन्हाविषयीं तें कळतें, आणि आपण मोबाईलवरील तो मजकूर अंगठ्यानें वर सारून देतों.

याचें एक कारण अविश्वास हें आहे. ३० मे २०२४ रोजीं नागपुरांतील एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश तापमान दाखविलें. गांवभर एकच कल्लोळ झाला. पुढें तो यंत्रांतील दोष होता असें हवामान खात्यानेंच जाहीर केलें. तेव्हांपासून ‘त्यांचे आंकडे असेच’ असें म्हणणारे कांहीं पालक आम्हांस भेटतात. आमचें त्यांस नम्रपणें सांगणें असें कीं, एका बिघडलेल्या उपकरणावरून साऱ्या शास्त्रास खोटें ठरवूं नये. चूक झाली ती ज्यांनीं शोधली आणि सांगितली, त्यांच्यावरचा विश्वास त्यामुळें वाढावयास पाहिजे. शिवाय खरे आंकडे कांहीं कमी भयंकर नाहींत. २३ मे २०१३ रोजीं याच शहराचें तापमान ४७.९ अंशांवर गेलें होतें.

दुसरें असें कीं, हा आंकडा सांवलींतला असतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तापमापक उघड्या उन्हांत टांगीत नाहींत. तो पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लांकडी पेटींत, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवलेला असतो. वर्तमानपत्रांत ४४ अंश छापून येतात तेव्हां ते त्या पेटींतल्या हवेचे असतात. डांबरी रस्त्यावर फावडें मारणाऱ्याला, टिनाच्या छपराखालीं भट्टीपुढें बसणाऱ्याला, किंवा तापलेल्या स्लॅबवर उभें राहून विटा रचणाऱ्याला त्याहून किती तरी अधिक सोसावें लागतें.

आणि आंकडा लहान असला म्हणजे धोका नाहीं, असेंहि समजूं नये. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें मोकळ्या मैदानावर एक सरकारी पुरस्कार-समारंभ झाला. लाखों लोक कित्येक तास उघड्या उन्हांत बसले होते. तापमान होतें सुमारें ३८ अंश. नागपूरकर ज्याला हंसतील इतकेंच. तरीहि त्या उन्हानें १४ जणांचे प्राण गेले. त्या मंडळींत कोणी विटा वाहात नव्हतें. तीं माणसें नुसतीं बसलीं होतीं.

असें कां व्हावें? आपल्या शरीराची उष्णता ३७ अंशांच्या आसपास राहावी लागते. भोंवतालची हवा त्याहून तापली म्हणजे शरीराजवळ घाम हें एकच साधन उरतें. घाम वाळतांना अंगांतली उष्णता घेऊन जातो. पोटांत पाणी नसेल तर घाम येणार नाहीं. कोंकणांतल्याप्रमाणें हवा दमट असेल तर आलेला घाम लवकर वाळणार नाहीं. आणि माणूस राबत असेल तर आंतूनहि उष्णता निर्माण होत राहाते. शरीर ४० अंशांपलीकडे तापलें, माणूस भलतेंच बरळूं लागला किंवा बेशुद्ध झाला, कीं तो उष्माघात समजावा. अशा वेळीं त्यास सांवलींत न्यावें, अंगावरचे जड कपडे काढावे, अंग भिजवून वारा घालावा आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी ओतूं नये. खिशांत कांदा ठेवल्यानें ऊन बाधत नाहीं अशी आपल्याकडे समजूत आहे. कांद्यानें अपाय होत नाहीं हें खरें. पण कांद्याच्या भरंवशावर दुपारच्या दोनला घराबाहेर पडूं नये.

आणखी एक गोष्ट. लोक नवतपाची धास्ती घेतात. रोहिणींत सूर्य आला कीं दारें लावून घेतात. परंतु शरीराला ऊन सोसण्याची संवय होण्यास आठ-पंधरा दिवस लागत असतात. म्हणून हंगामाच्या आरंभीं येणारी लाट पुष्कळदां अधिक घातक ठरते, आणि जो मजूर नुकताच कामाला लागला आहे त्याला सर्वांत मोठा धोका असतो.

यावर वडील माणसांचा एक आक्षेप आम्हीं नेहमीं ऐकतों. ‘आमचे वाडवडील याच उन्हांत वाढले, त्यांना कोणी रंगीत इशारे दिले होते?’ या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण तो नीट पाहिला तर आमच्याच बाजूचा आहे. ते वाडवडील पहांटे चांदणीला शेतावर जात, ऊन चढलें कीं झाडाखालीं भाकरी सोडीत, आणि उतरत्या उन्हांत पुन्हां औत धरीत. त्यांचीं घरें मातीचीं होतीं, भिंती हातभर जाड होत्या, दारावर वाळ्याच्या ताट्या होत्या. त्यांनीं उन्हाशीं झुंज घेतली नाहीं; त्यांनीं त्याला दुपार देऊन टाकिली होती. ती दुपार आम्ही परत घ्यावयास निघालों आहों, आणि तीहि स्वतःच्या अंगावर नव्हे. आपण कूलरपुढें बसतों आणि दोन वाजतां जेवण मागवितों. एक पोरगेलासा तरुण पाठीवर पेटी बांधून फुटाळ्याहून सीताबर्डीपर्यंत मोटारसायकल हांकीत येतो. त्याला आपण तांब्याभर पाणी तरी विचारितों काय? मोलकरणीला दीड वाजतां भांडीं घासावयास बोलावतों, कारण आपलें जेवण तेव्हां आटोपतें. तिनें अकराला यावें आणि भांडीं संध्याकाळपर्यंत तशींच राहावीं, हें आपल्याला सुचत नाहीं.

मुलांसाठीं मात्र हें सर्व आपल्याला सुचलेलें आहे. उन्हाळ्यांत शाळा सकाळच्या होतात. इतर महाराष्ट्रांतील शाळा जूनच्या मध्यास उघडतात, पण विदर्भांतील शाळा आणखी कांहीं दिवस बंदच असतात, कारण येथील ऊन तोंपर्यंत ओसरलेलें नसतें. म्हणजे हवा पाहून घड्याळ बदलणें अशक्य आहे असें कोणी म्हणूं शकत नाहीं. जेथें आपली मुलें असतात तेथें आपण तें बदलतों. प्रश्न एवढाच कीं, जेथें दुसऱ्यांचीं मुलें आणि दुसऱ्यांचे आईबाप असतात तेथें बदलतों काय?

एका शहरानें या प्रश्नाला हात घातला, त्याचें उदाहरण सांगण्यासारखें आहे. मे २०१० मध्यें अहमदाबादेस तापमान ४६.८ अंशांवर गेलें. त्या एका महिन्यांत तेथें नेहमींच्या मानानें १,३४४ मृत्यु अधिक झाले, असें मागाहून केलेल्या अभ्यासांत दिसून आलें. यांतील बहुतेकांच्या नांवापुढें ‘उष्माघात’ असें कोणीं लिहिलें नसेल. कोणी हृदयविकारानें गेला, कोणी म्हातारपणानें गेला, असेंच घरच्यांस वाटलें असेल. ऊन आपला हिशेब असा गुपचूप वसूल करितें. त्या नगरीनें २०१३ मध्यें उष्णतेविरुद्ध कृतियोजना आंखली: इशारा आला कीं कोणीं कोणास कळवावयाचें, दवाखान्यांनीं काय तयारी ठेवावयाची, पाणी कोठें मिळावयाचें, हें आधींच ठरवून ठेविलें. पुढें आपल्या नागपुरासह अनेक शहरांनीं तोच मार्ग धरिला. पण नगरपालिकेची योजना कितीहि चांगली असली तरी ती आपल्या स्वयंपाकघरांत किंवा आपल्या बांधकामावर येऊन घड्याळ फिरवूं शकत नाहीं. तेवढें काम आपलें आहे.

पालकांस आमची विनंति म्हणून थोडकीच आहे. ज्यांचें दुकान, कारखाना किंवा ठेका असेल त्यांनीं नारिंगी व तांबड्या इशाऱ्याच्या दिवशीं दुपारीं १२ ते ४ उघड्यावरचें काम बंद ठेवावें, तेवढे तास सकाळ-संध्याकाळ भरून घ्यावे, आणि रोजी कापूं नये. रोजी कापली तर आपली दया त्या माणसाच्या पोटावर बसते. असा इशारा कोणीहि गरीब मनुष्य पाळणार नाहीं, आणि त्यासाठीं त्याला दोषहि देतां येणार नाहीं. ज्यांच्याकडे असें कांहीं नाहीं त्यांनीं दाराशीं एक माठ भरून ठेवावा, आणि दुपारीं आलेल्या माणसाला तो आपण होऊन दाखवावा.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातीं अजून कोणाचें घड्याळ नाहीं. उद्यां तें येईल. कोणी अभियंता होईल, कोणी दुकानाच्या गादीवर बसेल, कोणी कचेरींत सह्या करील. तोंपर्यंत तुम्हांस एक काम देतों. फाटकाजवळील फळ्यावर विज्ञानाच्या वर्गांतील मुलांनीं रोज सकाळीं आपल्या जिल्ह्याचा इशारा लिहावा, आणि त्याशेजारीं आदल्या दिवशींचें प्रत्यक्ष तापमान मांडावें. अंदाज किती दिवस खरा ठरला आणि किती दिवस हुकला, हें महिन्याभरांत तुम्हांसच दिसेल. मग त्यावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हें कोणाच्या सांगण्यावरून ठरवावें लागणार नाहीं. आणि तुमच्यांतला कोणी खेळतांना गप्प झाला, त्याचें डोकें दुखूं लागलें, तर ‘घाबरट’ म्हणून त्याची थट्टा करूं नका. त्याला सांवलींत न्या.

त्या बांधकामाचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. ठेकेदाराशीं बोलणें झालें. प्रथम तो कुरकुरला. पण पूर्ण रोजी देऊन सकाळीं सहा ते अकरा आणि दुपारीं चार ते सात काम चालविण्यास तो अखेर तयार झाला. इमारत ठरल्यापेक्षां कांहीं दिवस उशिरा पुरी होईल असें तो म्हणाला, आणि तसेंच झालें. पुढच्या वर्षीं ज्या वर्गांत आठवीचीं मुलें बसतील त्याच त्या खोल्या. त्यांच्या भिंती कोणीं कोणत्या वेळीं रचल्या हें त्यांना ठाऊक असावें, एवढ्यासाठीं हा लेख. त्या मुलाला आम्हीं तेव्हां उत्तर देऊं शकलों नाहीं. तें आतां देतों. होय बाळ, इशारा त्यांनाहि होता. तो त्यांच्यापर्यंत पोंचविण्याचें काम आमचें होतें, आणि आम्हीं त्याला तीन दिवस उशीर केला.