२५६ खणांचा तक्ता आणि मराठीचा ‘ऱ’

१/ सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेचा एक जुना, लोकप्रिय धडा आहे. ० ते २५५ आकडे क्रमाने ‘सीएचआर’ या फंक्शनच्या हवाली करायचे आणि उमटलेली चिन्हे चौकटींत मांडायची. विद्यार्थ्याला सांगितले जाते की हा संगणकाचा अक्षरतक्ता. ही चूक इतिहासाची आहे.

२/ तक्त्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे १९६३ ची ‘ॲस्की’ संहिता. तिच्या नावातच ‘अमेरिकन’ हा शब्द आहे. सात बिटांत १२८ जागा; इंग्रजीपुरती सोय उत्तम.

३/ १२८ पासून पुढे मात्र अराजक. एकाच क्रमांकावर कुठे फ्रेंच अक्षर, कुठे रशियन. मराठी अक्षरजुळणीच्या प्रणालींनी तर रोमन खुणांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. तो फॉन्ट हरवला की मजकुराचा निरर्थक ढिगारा होतो. मोडी वाचणारे अजून सापडतात. बंद पडलेल्या फॉन्टचा वाचक कुठे शोधावा?

४/ १९९१ साली युनिकोड आले. देवनागरीचा विभाग भारतीय ‘इस्की’ संहितेच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतला गेला. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी या सर्वांना मिळून जागा १२८.

५/ त्यांत ‘ऱ’ आहे, क्रमांक ०९३१. अधिकृत तक्त्यातील टीप त्याची ओळख द्राविडी भाषांतील एका ‘र’च्या लिप्यंतराचे चिन्ह अशी करून देते. ‘शेतकऱ्यांचा’ असे रोज लिहिणाऱ्याला स्वतःच्या घरचे अक्षर तिथे पाहुण्याच्या नावाने नोंदलेले दिसते.

६/ ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जाई. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच. यंत्राला एक ०९७२, दुसरे ०९०५ आणि ०९४५ यांची जोडी. दोन्ही समान मानावीत असा नियम युनिकोडमध्ये नाही. म्हणून ‘ॲडव्होकेट’ शोधणाऱ्या अभ्यासकाला साधा शब्दशोध काही कागद दाखवतो आणि काही दडवतो. दडलेला कागद नव्हताच, असे समजून तो निष्कर्ष लिहून मोकळा होतो.

७/ तक्ता म्हणजे निव्वळ गणित, असे म्हणणाऱ्यांनी ‘सीएचआर’ला २२४, १६४, १७९ हे आकडे द्यावेत. यूटीएफ-८ च्या पानावर वेगवेगळ्या खणांत त्यांचे तीन निरर्थक ठोकळे उमटतात. सलग जोडले तर ‘ळ’. पूर्ण क्रमांकावरून अक्षर देणारे ‘एमबी_सीएचआर’ २०१७ पासून पीएचपीत आहे. तरीही धडा २५५ वर थांबतो. देवनागरीची पहिली जागा २३०४ वर आहे, शेवटची २४३१ वर.