बिडी ओढणाऱ्याच्या हिरड्या

दातांची निगा राखा, असे आम्ही सांगतो तेव्हा बिडी-सिगारेट ओढणारे काही बांधव म्हणतात, "आमच्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही. मग काळजी कशाची?"

काळजी नेमकी तिथेच आहे. निकोटिनमुळे हिरड्यांतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रोगट हिरडीतूनही रक्त कमी येते आणि आजार झाकला जातो. आत मात्र दाताला धरून ठेवणारे हाड झिजत राहते. दात हलू लागल्यावर ते कळते. तोवर बराच उशीर झालेला असतो.

तोंडात पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर दंतवैद्याला दाखवावेच. ती कर्करोगाची सुरुवात असू शकते.

प्रेषितांना (स.) मिस्वाक किती प्रिय होता, हे आपण सारे जाणतो. पण मिस्वाक करून पुन्हा बिडी पेटवली, तर आतली झीज थांबत नाही.

रमजानमध्ये हेच बांधव सहरीपासून इफ्तारपर्यंत बिडीला शिवत नाहीत. म्हणजे दिवसभर तिच्याविना राहणे त्यांना जमते. मगरिबनंतरही ती पेटवू नये, एवढेच उरते. बिडी सोडल्यावर सुरुवातीला हिरड्यांतून रक्त दिसले तर घाबरू नये. झाकलेला आजार उघड होतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. दंतवैद्याकडून दात साफ करून घ्यावेत. सोडणे जड जात असेल तर सरकारच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. निय्यत पक्की असेल तर अल्लाह मार्ग सोपा करतो.