ब्रोली जन्मतः राक्षस नव्हता



मुलांनी काय बघू नये याची एक यादी प्रत्येक पॅरिशमध्ये तोंडी फिरत असते. हल्ली त्या यादीत जपानी कार्टूनं बरीच वर आली आहेत, आणि त्यातही 'ड्रॅगन बॉल'मधला ब्रोली. हिरवे केस ताठ उभे, डोळे पांढरेफटक, कमरेच्या वर अंग उघडं आणि गर्जना करत डोंगर फोडत सुटलेला. पोस्टर पाहिलं की मोठ्यांचा निकाल तयार असतो : हे सैतानी आहे, बंद करा.

या निकालाविरुद्ध मला आज लिहायचं आहे. चित्रपटातली मारामारी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, त्यावर पुढे बोलूच. पण ज्या पात्राला आपण सैतान म्हणून मोकळे होतो, त्याची गोष्ट नेमकी या 'सैतान म्हणून मोकळं होण्या'बद्दलच आहे. ती न पाहता दार लावून घेणारे पालक आणि शिक्षक स्वतःलाच एका आवश्यक प्रश्नापासून वाचवत आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. ब्रोली ज्या जमातीचा आहे तिला 'सैयान' म्हणतात. या शब्दात सैतान लपला आहे असं काही जण ठामपणे सांगतात. जपानी भाषेत भाजीला 'यासाई' म्हणतात. लेखक अकिरा तोरियामा यांनी त्याच अक्षरांची उलटापालट करून हे नाव बनवलं, आणि मग साऱ्या जमातीलाच भाज्यांची नावं वाटली. ब्रोली म्हणजे ब्रोकोली, त्याचा बाप पॅरागस म्हणजे अ‍ॅस्परॅगस, नायक गोकूचं जन्मनाव काकारोट म्हणजे गाजर. मंडईतल्या टोपलीत सैतान शोधण्यात आपला वेळ जाऊ नये.

आता गोष्ट. 'ड्रॅगन बॉल सुपर : ब्रोली' हा चित्रपट डिसेंबर २०१८ मध्ये जपानमध्ये आला. पटकथा तोरियामांची, दिग्दर्शन तात्सुया नागामिने यांचं. सैयानांच्या राजाला मुलगा झालेला असतो आणि त्याच्या ताकदीचा राजाला मोठा अभिमान असतो. तेवढ्यात कळतं की दुसऱ्या एका पाळण्यातल्या बाळाची ताकद राजपुत्रापेक्षा जास्त आहे. ते बाळ म्हणजे ब्रोली. राजा घाबरतो. बाळाने कुणाचं काही बिघडवलेलं नसतं, तरी राजा त्याला वॅम्पा नावाच्या ओसाड ग्रहावर फेकून देतो. पाळण्यातल्या बाळाला घाबरणारा राजा आपल्याला ओळखीचा आहे. दर नाताळात बेथलेहेमची गोष्ट सांगताना आपण हेरोदाचं नाव घेतोच.

बाप पॅरागस एक यान घेऊन मुलामागे धावतो. इथपर्यंत आपल्याला त्याचं कौतुक वाटतं. पण त्याचं यान मोडतं, परतीची वाट संपते, आणि मुलाला जगवण्यापेक्षा राजावर सूड उगवणं हेच त्याचं आयुष्य होऊन बसतं. मग तो मुलाला वाढवत नाही, धार लावत बसतो. मुलगा हाताबाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा घालतो. रिमोट बापाच्या खिशात. ब्रोलीची वर्षांमागून वर्षं अशीच जातात, राक्षसी किडे खाऊन आणि गळ्यात पट्टा बाळगून.

या ओसाड जागी ब्रोलीला एकच मित्र मिळतो. एक प्रचंड हिरवं श्वापद. त्याच्या हल्ल्यातून निसटायचा सराव करता करता दोघांची गट्टी जमते. त्याच्या गुरगुरण्यावरून ब्रोली त्याचं नाव ठेवतो 'बा'. जपानी लेखकाच्या ते ध्यानीमनीही नसणार, पण आपल्या भाषेत 'बा' म्हणजे बाप. मराठी माणसाला ते ऐकताना चटका लागतोच. श्वापदाने मुलाला माया दिली आणि बापाने श्वापदासारखं वागवलं. या मैत्रीमुळे मुलगा लढाईत मऊ पडेल म्हणून पॅरागस त्या प्राण्यावर गोळी झाडतो. त्याचा कान तुटतो, आणि त्यानंतर तो पुन्हा कधी ब्रोलीचा मित्र होत नाही. ब्रोली तो तुटलेला कान, त्याची हिरवी लव, आयुष्यभर कमरेला गुंडाळून वावरतो. पोस्टरवर आपण ज्याला रानटी वेष म्हणतो, ती त्या मुलाच्या एकुलत्या एका मैत्रीची आठवण आहे.

पोस्टर पाहून निकाल देणाऱ्यांनी हे कधी पाहिलं?

आता दुसरी बाजू, कारण माझं भांडण फक्त मोठ्यांशी नाही. आपली तरुण मुलं हा चित्रपट तोंडपाठ असल्यासारखी सांगतात. ब्रोलीची ताकद किती, गोकू आणि व्हेजिटा एकत्र होऊन बनलेल्या गोगेटाने त्याला कसं हरवलं, कुठला वार कितव्या मिनिटाला. पण 'बा'चं नाव विचारलं की बरेच जण थबकतात. मुलांनो, दुसऱ्या अर्ध्या भागातली मारामारी तुम्ही शंभर वेळा पाहिलीत आणि पहिला अर्धा भाग पुढे सरकवलात. मोठे पोस्टरवर थांबतात, तुम्ही क्लायमॅक्सवर. माणूस दोघांनाही दिसत नाही. मोठ्यांना सैतान दिसतो, तुम्हाला आकडा दिसतो.

हाच ब्रोली पहिल्यांदा पडद्यावर आला तो १९९३ मध्ये, 'ड्रॅगन बॉल झेड'च्या एका चित्रपटात. तिथेही तो राजाने टाकून दिलेलं बाळ होता, तिथेही बापाने त्याला यंत्राने ताब्यात ठेवलं होतं. पण त्या चित्रपटाला त्याच्या दुःखाचं फारसं काही पडलेलं नव्हतं. गोकूवर त्याचा एवढा राग का? तर दोघं शेजारशेजारच्या पाळण्यात होती आणि गोकू फार रडायचा! शेवटी तो बापालाही चिरडून मारतो, आणि प्रेक्षकांना त्याला ठार करण्याची मोकळीक मिळते. पंचवीस वर्षांनी तोरियामांनी ते पात्र पुन्हा हाती घेतलं. ताकद तीच ठेवली, गर्जनाही तीच. फक्त एक प्रश्न नव्याने विचारला : याला असं कुणी केलं? या एका प्रश्नाने राक्षसाचा मुलगा झाला. मला यात त्या लेखकाचा मोठेपणा दिसतो.

आता पट्ट्याकडे वळू, कारण माझ्या लिहिण्याचं खरं कारण तो पट्टा आहे.

फ्रीझा नावाच्या क्रूर सम्राटाच्या फौजेतले दोन अगदी खालच्या पायरीचे शिपाई ब्रोलीला शोधून काढतात. चीलाय ही चोरी करून पळालेली मुलगी, आणि लेमो हा म्हातारा होत आलेला माणूस, लढाईत ज्याची कधी गणतीच झाली नाही. संत म्हणावं असं दोघांत काही नाही. पण हे दोघं त्याच्याजवळ बसतात, त्याला खायला देतात, कमरेच्या त्या लवेबद्दल विचारतात आणि उत्तर ऐकून घेतात. पॅरागस पट्टा वापरून मुलाला वेदनेने लोळवतो तेव्हा चीलाय हातचलाखीने त्याच्या खिशातलं रिमोट पळवते आणि फोडून टाकते. आख्ख्या चित्रपटात सगळ्यात शूर कृत्य कुठलं असेल तर ते हे. गोगेटाचा एकही वार त्याच्या पासंगाला पुरत नाही.

मार्ककृत शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय आठवा. कबरींमध्ये राहणारा तो माणूस. गावाने त्याला कितीदा तरी साखळदंडांनी बांधलं आणि त्याने ते तोडले. रात्रंदिवस ओरडायचा, दगडांनी स्वतःलाच जखमा करून घ्यायचा. गावाकडे त्याच्यासाठी एकच उपाय होता, आणखी मजबूत साखळी. प्रभू येशूने साखळी मागवली नाही, त्याला नाव विचारलं. पुढचा तपशील आपण नेहमी घाईने वाचतो. तो माणूस कपडे घालून शांत बसलेला दिसला तेव्हा गावकरी आनंदले नाहीत. ते घाबरले, आणि येशूलाच निघून जायला सांगू लागले. बांधलेला वेडा गावाला चालत होता. बरा झालेला माणूस पचला नाही.

चित्रपटात ख्रिस्त नाही, आणि चीलायला मी ख्रिस्त म्हणत नाही. पण साखळी आणि नाव यांतला फरक त्या जपानी लेखकाने ओळखला आहे, आणि तो आपण विसरत चाललो आहोत.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत पहा. एखादा मुलगा असतो, उंच, दणकट, लगेच हात उगारणारा. त्याला सगळे काय म्हणतात? 'सैतान आहे नुसता.' कुणी हसून म्हणतं, कुणी रागाने. त्याचे आईवडील समोर असतानाही म्हणतात. मग त्याच्यासाठी पट्टे तयार होतात. सगळ्यांसमोर उभं करणं. नरकाची भीती घालणं. वेदीसेवकांतून नाव कापण्याची धमकी. बापाला फोन करू का, असं विचारणं, आणि घरी त्या फोनचं काय होतं हे ठाऊक असूनही विचारणं. प्रत्येकाच्या खिशात एकेक रिमोट. बटण दाबलं की मुलगा गप्प बसतो, आणि आपण म्हणतो, शिस्त लागली.

यावर मला उत्तर मिळेल की बाकीच्या मुलांचं काय? प्रश्न रास्त आहे. हात उगारणाऱ्याला थांबवलंच पाहिजे, आणि मार खाणाऱ्या मुलाचं रक्षण सर्वांत आधी. रागामागे दुःख आहे म्हणून राग निरुपद्रवी ठरत नाही. ब्रोली सुटतो तेव्हा खरंच सगळं उद्ध्वस्त करत सुटतो, चित्रपट ते लपवत नाही. पण थांबवणं वेगळं आणि नाव बिघडवणं वेगळं. मुलाचा हात धरणारा त्याच्या शेजारी उभा असतो. बटण दाबणाऱ्याला त्याच्याजवळ जावंच लागत नाही.

आता चित्रपटाचा दोषही सांगतो. पहिल्या भागात ज्या गोष्टीबद्दल तो आपल्याला हळहळायला लावतो, दुसऱ्या भागात तिचाच जल्लोष करतो. लढाई ऐन रंगात असताना फ्रीझा पॅरागसला मारतो आणि ब्रोलीला भासवतो की भरकटलेल्या माऱ्यात तुझा बाप गेला. का? तर शोकाने त्याची ताकद वाढेल म्हणून. मुलाचा आक्रोश होतो, आणि दुसऱ्या क्षणी केस चमकू लागतात, संगीत चढतं, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. फ्रीझाला हवं होतं तेच आपणही घेतलं : एका पोरक्या झालेल्या माणसाच्या रडण्यातून तमाशा. इथे चित्रपट स्वतःशीच बेइमान होतो. मुलांबरोबर पाहाल तेव्हा इथे थांबवा आणि विचारा, आत्ता याला काय वाटत असेल?

पण शेवट पुन्हा वाट सापडल्यासारखा आहे. गोगेटा त्याला संपवणार इतक्यात चीलाय आणि लेमो जादूच्या सात गोळ्यांपाशी पोचतात. त्या गोळ्या एक इच्छा पुरी करतात. फ्रीझाला त्यातून पाच सेंटिमीटर उंची वाढवून हवी होती, हा त्या सम्राटाचा आवाका. हे दोघं काहीही मागू शकले असते. ते मागतात ते एवढंच, की ब्रोलीला त्याच्या जागी परत ने. अंतिम वार पोकळीत जातो. नंतर गोकू त्या ओसाड ग्रहावर जातो तो राहायला घर आणि खाण्यापिण्याचं सामान घेऊन. त्याला पुन्हा लढायची हौस आहे हे खरं, पण आता तो ब्रोलीचा पाहुणा आहे.

माझी मागणी साधी आहे. आपल्या पॅरिशच्या आवारात कुठल्याही मुलाला 'सैतान' म्हणणं बंद व्हावं. थट्टेतही नको. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण त्याचं नाव वेदीसमोर उच्चारलं होतं, त्याच नावाने त्याला हाक मारावी. जो मुलगा सगळ्यात जास्त त्रास देतो, त्याच्या शेजारी एका मोठ्या माणसाने दर रविवारी दहा मिनिटं बसावं. उपदेश न करता. घरी कोण असतं, जेवलास का, कुणाशी गट्टी आहे, एवढं विचारावं. आणि एखादा मुलगा काही विचित्र वस्तू सतत जवळ बाळगत असेल, जुनी टोपी, तुटलेलं घड्याळ, कुणाचा तरी मळका स्वेटर, तर ती काढून ठेव म्हणण्याआधी ती कुणाची होती ते विचारावं.

येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर कुणाजवळ बसायचं, ते तुम्हाला माहीत आहे.