अहवाल दिलात, आता समजावून सांगायला माणूस द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील संबंधित अधिकारी यांस,



१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा रक्ताचा आनुवंशिक आजार हद्दपार करायचा, असे उद्दिष्ट ठरले. त्यासाठी गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार भागातल्या आशाताई आणि आरोग्यसेविका पाड्यापाड्यांवर, आश्रमशाळांत हिंडल्या. त्यांच्या पायपिटीबद्दल मला आदरच आहे. रक्त घेतल्यानंतर पुढे जे घडते, किंवा घडत नाही, त्याविषयी मला बोलायचे आहे. विदर्भातल्या ग्रामीण भागात मी समुपदेशनाचे काम करते.

पहिली चाचणी अगदी साधी असते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलचा दोष आहे. पण हा माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे त्या नळीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की चाचणी करावी लागते. त्या दोन चाचण्यांच्या मधल्या काळात घरात जे होते, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

मागे एक वडील मुलीचा कागद घेऊन आले. पक्का अहवाल ‘एएस’, म्हणजे वाहक. ठरलेले लग्न मोडले होते. ‘मॅडम, पोरगी तं धडधाकट हाये. मंग तिकडच्यायनं नाही काऊन म्हटलं?’ त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर दहा मिनिटांत देता येते. वाहक हा रुग्ण नसतो. त्याचा जोडीदार वाहक नसेल आणि त्याच्या रक्तात असा दुसरा दोषही नसेल, तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार होत नाही. म्हणजे नवऱ्या मुलाचे रक्त तपासले असते तर प्रश्न मिटला असता. ते कोणी सुचवलेच नाही. कागद मात्र गावभर फिरला आणि दोष मुलीच्या माथी बसला.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. ‘प्रत्येक’ हे मी मुद्दाम लिहिते आहे. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब करणारी जोडपी मला वरचेवर भेटतात. गर्भाची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करता येते, पण ती हवी की नको हे ठरवायला नवरा-बायकोला आधी सगळे नीट कळलेले असावे लागते, आणि तेही त्यांच्या भाषेत, माडियात, गोंडीत किंवा पावरीत. छापील पत्रक त्याची जागा घेऊ शकत नाही.

आनुवंशिकतेची ही भीती मनाच्या आजारांत तर आणखीच वाढते. आईला स्किझोफ्रेनिया आहे एवढे कळले की सगळे घराणे बाद होते. सिकलसेल एकाच जनुकातल्या बदलामुळे होतो, म्हणून त्याचा हिशेब मांडता येतो. स्किझोफ्रेनियात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, शिवाय परिस्थितीचाही. सर्वसाधारणपणे शंभरात एकाच्या आसपास असलेली शक्यता आई किंवा वडील आजारी असल्यास दहाच्या आसपास जाते. म्हणजेच अशा शंभर मुलांपैकी नव्वदेकांना तो आजार होत नाही. या नव्वदांची बाजू लग्नाच्या बैठकीत कोण मांडणार?

हे दोन्ही विषय मी एका पत्रात घेते, कारण ते माझ्यासमोर एकाच खुर्चीत बसतात. सिकलसेलच्या रुग्णाला थंडीत, तापात, धान कापणीच्या उन्हात पाणी कमी पडले की दुखणे उमळते. विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे आतून ठणकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून शाळेत ‘सोंग करतो’ म्हणतात आणि दवाखान्यातही कधीकधी तेच ऐकावे लागते. दहावीतल्या एका मुलाने आईला बाहेर पाठवले, दार लागेपर्यंत थांबला आणि मग विचारले, ‘मॅडम, मी किती वर्षं जगीन?’ तो काही महिन्यांपासून नीट जेवत नव्हता, मित्रांत मिसळत नव्हता. त्याच्या फाईलमध्ये हिमोग्लोबिनचा प्रत्येक आकडा होता. झोप लागते का, जगावेसे वाटते का, हे विचारल्याची एकही ओळ नव्हती.

त्या मुलाला धीर देण्याजोगे पुष्कळ आहे. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नियमित घेतली तर बहुतेकांच्या वेदनेचे झटके कमी होतात. पण ती रोज घ्यायची असते आणि अधूनमधून रक्तपेशी मोजाव्या लागतात. त्या मोजणीसाठी मजुरी बुडवून तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागले की गोळी सुटते. मन खचलेला मुलगा तर ती जवळ असूनही घेत नाही.

सिकलसेल आणि मनाचे आजार जोडीने पाहायला हवेत, हे कायद्याने केव्हाच ओळखले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल आणि मानसिक आजार एकाच यादीत घेतले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ सांगते की मनाच्या आजारावरचे उपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेत, अगदी प्राथमिक पातळीपासून मिळाले पाहिजेत. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, ही चांगलीच सोय आहे. पण आमच्याकडच्या कित्येक टोल्यांवर रेंज नसते, आणि वसतिगृहातल्या पोराला आडोशाला जाऊन बोलायला जागा नसते.

म्हणून पुढच्या गोष्टी मागते आहे. सिकलसेलची तपासणी जिथे होते तिथे स्थानिक भाषा बोलणारा, कायम नेमणुकीवरचा समुपदेशक असावा. कंत्राट संपले की माणूस जातो आणि त्याच्यावर बसलेला गावाचा विश्वासही जातो. पक्का अहवाल बंद खोलीत, समजावून सांगूनच द्यावा, आणि वाहकाचा अहवाल दुसऱ्याच्या हाती पडू नये. गोळ्या आणि रक्तपेशींची मोजणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी. प्रत्येक रुग्णाच्या फाईलमध्ये मनाची विचारपूस नोंदवणारे एक पान असावे.

आणि जिल्हा मानसिक आरोग्य पथकाच्या भेटीचा व सिकलसेलच्या फेरतपासणीचा दिवस एकच ठेवावा. दोन्ही आपल्याच खात्याची कामे आहेत, त्याला नवा निधी लागणार नाही. येत्या थंडीआधी तेवढे परिपत्रक काढावे, कारण आमच्याकडे दुखण्याचे झटके तेव्हाच वाढतात.

आपली,
एक समुपदेशक