अंधाराची मालकी गावाकडेच हवी

पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. देशातले असे हे पहिलेच उद्यान, आशियातले पाचवे. मानांकन देणारी ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ ही संस्था आकाश नुसते काळेभोर आहे म्हणून प्रमाणपत्र देत नाही. ते तसे राहावे यासाठी माणसांनी काय केले, हे ती तपासते. पेंचच्या बफर क्षेत्रातील सिल्लारी, पिपरिया, खापा आदी चार गावांत शंभराहून अधिक पथदिवे आणि सार्वजनिक दिवे बदलून त्यांचा झोत जमिनीकडे वळवण्यात आला, तेव्हा कुठे हा मान पदरात पडला. वाघासाठी नावाजलेल्या या जंगलात आता चांदण्यांसाठीही पर्यटक येणार. त्यांचा पैसा गावात राहणार की गावावरून पुढे निघून जाणार, हे मात्र अजून ठरायचे आहे आणि ते ठरवण्याची हीच वेळ आहे.

अंधारी रात्र किती दुर्मीळ झाली आहे, हे शहरातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, त्यात आकाशाचा कृत्रिम उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. जन्माच्या वेळी जिथे अडीचशे तारे दिसत होते, तिथे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच उरतील, असा हा वेग आहे. मुंबईचे खगोल मंडळ वर्षानुवर्षे रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी लोकांना वांगणीला नेत आले, ते काही हवापालटासाठी नव्हे. शहराने जे गमावले ते खेड्याकडे अजून शिल्लक आहे आणि त्यासाठी लोक प्रवास करायला, पैसे मोजायला तयार आहेत.

जंगल पर्यटनात आजवर गावाच्या वाट्याला काय आले, ते इथे आठवावे. सफारी पहाटे आणि दुपारी. नागपूरचा पर्यटक सकाळी येऊन संध्याकाळी घरी परततो. जो मुक्काम करतो तो बहुधा रिसॉर्टवर. गावातले काही तरुण गाईड होतात, काहींची जिप्सी असते, बाकीच्यांना भरधाव गाड्यांची धूळ. आकाशदर्शनाचे तसे नाही. त्याला रात्र लागते, म्हणून मुक्काम लागतो. मुक्काम आला की रात्रीचे जेवण आले, अंथरूण-पांघरूण आले, सकाळचा चहा-नाश्ता आला. आणि हे सारे एखाद्या घरातली बाई आपल्या ओसरीवरून करू शकते. गाभा क्षेत्राचा परवाना नको, गाडी नको. एक साधी द्विनेत्री आणि गावात मिळून आठ इंची एक डॉब्सोनियन दुर्बीण असली की सुरुवात होते. शेताचा एक सपाट तुकडा, जिथून चारी बाजूंचे क्षितिज दिसते, तोही उत्पन्न देऊ लागतो. अर्थात यावर कुणाचे अख्खे घर चालणार नाही. पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातात, पौर्णिमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या रात्री चांदण्यात जातात. महिन्याकाठी दहा-बारा रात्री हाती लागल्या तरी पुष्कळ. हा जोडधंदा आहे आणि गावकऱ्यांना तो तसाच, खरेपणाने सांगितला पाहिजे.

तो कसा उभा करायचा, हे लडाखमधल्या हानलेने दाखवले आहे. सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा तिथे आहे. तिची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. म्हणजे शास्त्रज्ञांनाही प्रत्यक्ष तिथे बसावे लागत नाही. मग गावाला या वेधशाळेचा काय उपयोग? २०२२ मध्ये वेधशाळेभोवतीचा सुमारे १,०७३ चौरस किलोमीटरचा टापू ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर झाला, तेव्हा हा प्रश्न धसास लागला. आसपासच्या वस्त्यांतल्या २४ जणांना संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आकाश ओळखायला, दुर्बीण हाताळायला शिकवले आणि दुर्बिणी त्यांच्या हाती दिल्या. त्यात महिला मोठ्या संख्येने आहेत. आज पर्यटक त्यांच्या दारात येतो, त्यांच्याकडून शनीची कडी पाहतो आणि पैसे त्यांच्या हातात देतो. खिडक्यांना जाड पडदे लावा, गाडीचे दिवे मंद ठेवा, हे सांगणारे आता सरकारी फलकाइतकेच तिथले रहिवासीही आहेत. ज्याची चूल अंधारावर पेटते, तो अंधार राखतो. शास्त्रज्ञांच्या वेधशाळेलाही याहून चांगला पहारेकरी मिळणार नाही.

पेंचच्या परिसराला तर आकाश शिकवण्याची सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंडांचे आकाशज्ञान गावोगाव फिरून नोंदवले. सप्तर्षींचा चौकोन म्हणजे म्हातारीची खाट आणि शेपटीतले तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले चोर. मृगाच्या ताऱ्यांत नांगर. मराठी खेड्यांतही बाज आणि तीन चोरांची ही गोष्ट आजी सांगत असे. पर्यटकाला ओरायनची ग्रीक कथा कोणत्याही मोबाइल ॲपवर मिळते. नांगराची गोष्ट ज्यांच्याकडे आहे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासाठी तो सिल्लारीला यावा. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत ही माहिती पहिल्या पानावर हवी आणि ती सांगायला गावातले वृद्ध मानधन देऊन बोलवायला हवेत.

यातली एक अडचण खरी आहे आणि तिला बगल देऊ नये. बफरमधल्या माणसाला अंधाराची हौस नाही. रानडुकरांपासून पीक राखायला तो रात्री मचाणावर बसतो, शेतीपंपाची वीज रात्री आली तर पाणी द्यायला बांधावर जातो आणि वाट वाघ-बिबट्याचीही असते. शहरातल्या पाहुण्याला तारे दिसावेत म्हणून त्याने दिवा विझवावा, असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण अंधार राखणे म्हणजे दिवे काढणे नव्हे. उघड्या, पांढऱ्याफटक दिव्याचा बराच उजेड आकाशात वाया जातो आणि उरलेला डोळ्यांवर येतो. अशा दिव्यापलीकडच्या झुडपात काय आहे, ते दिसतच नाही. वरून झाकलेला, पिवळसर, खाली झोत टाकणारा दिवा पायवाट अधिक चांगली दाखवतो आणि त्याला वीजही कमी पुरते. गावकऱ्याची सुरक्षितता आणि आकाश, दोन्ही एकाच दिव्यात साधतात. हे समजावून, गावाच्या संमतीने करायचे काम आहे.

उशीर झाला तर काय होते, हे आपण भंडारदरा परिसरात पाहिले. काजव्यांचा मोसम प्रसिद्ध झाला आणि शेकडो गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलच्या बॅटऱ्या, गवतावरून फिरणारे पाय तिथे पोहोचले. उजेडाच्या इशाऱ्यांवर जोडीदार शोधणाऱ्या किड्याला पाहायला आपण उजेडच घेऊन गेलो. आकाशाबाबत हेच होईल. ‘स्टारगेझिंग’च्या नावाने आलेला एखादा रिसॉर्ट हिरवळीवर रंगीत दिवे आणि झाडांवर माळा लावेल आणि शेजारच्या चार घरांचा मुक्कामाचा धंदा बुडवेल. स्पेनने ला पाल्मा बेटासाठी १९८८ मध्येच आकाशरक्षणाचा कायदा केला. ताऱ्यांसाठी येणारे पर्यटक नंतर वाढले. आपल्याकडे प्रकाशप्रदूषणाला आवर घालणारा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून पेंचचे मानांकन आज मुख्यतः वनखात्याच्या इच्छाशक्तीवर उभे आहे आणि अधिकारी बदलतात.

राज्य सरकारने यासाठी नवे महामंडळ काढण्याची गरज नाही. व्याघ्रप्रकल्पांच्या बफरमधील ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांच्या खरेदीत झाकलेल्या, पिवळसर दिव्यांची अट घालावी आणि तीच अट रिसॉर्टच्या बांधकाम परवान्यात यावी. आकाशदर्शनाचे शुल्क गावच्या परिस्थितिकीय विकास समितीकडे जमा व्हावे. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेमुळे ही यंत्रणा आधीच अस्तित्वात आहे. पुण्याची आयुका आणि ज्योतिर्विद्या परिसंस्था, नागपूरचे रमण विज्ञान केंद्र यांना प्रशिक्षणासाठी बोलवावे. पहिल्या तुकडीत निम्म्या मुली असाव्यात. काम रात्रीचे आहे, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर प्रत्येकीला दारापर्यंत सोडणाऱ्या गाडीचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा. नाहीतर दुर्बीण गावातल्या चार-दोन पुरुषांकडे राहील आणि मुली स्वयंपाकघरात.