तिसऱ्या घंटेच्या आधी

नाटक बघायचं तर आम्हा भाईंदरच्या बायकांना पूर्वी बोरिवली नाहीतर ठाणं गाठावं लागायचं. पोळ्या लाटून, मुलांचं आवरून निघेपर्यंत निम्मा जीव जायचा. २०२२ मध्ये दहिसर चेकनाक्याजवळ महाजनवाडीत लता मंगेशकर नाट्यगृह सुरू झालं आणि ही धावपळ कमी झाली. तरी माझ्या लेखी नाटक सुरू व्हायचं ते तिसऱ्या घंटेला. त्याआधी काय चालतं, याचा कधी विचारच केला नव्हता.

माझी भाची एका नाटकाचा कपडेपट सांभाळते. रविवारी चारचा प्रयोग होता, म्हणून तिचा डबा घेऊन मी दुपारी बारालाच आत गेले. रंगमंच उघडाबोडका. टेम्पोतून नेपथ्याचे फ्लॅट उतरत होते. कोणी मागून टेकू देऊन खिळे ठोकत होतं, कोणी घोड्यावर चढून एकेक दिवा नेमक्या जागी वळवत होतं. एक मुलगा यादी हातात धरून कप, चष्मा, पत्र असं सामान मांडत होता. भाची साड्यांना इस्त्री करत होती. विंगेतल्या अंधारात दीड मिनिटात साडी बदलायची, म्हणून निऱ्या आधीच शिवून ठेवलेल्या. बघता बघता दिवाणखाना उभा राहिला. प्रयोग संपला की हे सगळं उतरवायचं, टेम्पोत भरायचं आणि रात्रीतून पुढचं गाव गाठायचं!

दौरा आपल्याकडे नवा नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, पुढे त्यांची मंडळी गावोगाव फिरली. ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये आलं, तेव्हा त्याचा फिरता रंगमंचसुद्धा दौऱ्यावर जायचा. मात्र बराच काळ बायकांच्या भूमिकाही पुरुषच करायचे. आता बाई रंगमंचावर आहे आणि पडद्यामागेही. पण तिची सोय कोण बघतं?

डबा खाताना भाची सहज म्हणाली, ‘‘मावशी, दौऱ्यात मी दुपारनंतर पाणीच पीत नाही.’’ एका जिल्ह्याच्या गावातल्या नाट्यगृहात बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडीच नव्हती. नळ कोरडा, दिवा गेलेला. एकीनं आत जायचं, दुसरीनं दार धरून उभं राहायचं. त्यात पाळी आलेली असेल तर विचारूच नका.

तिची आई कधीची म्हणतेय, सोड ते काम. खरं सांगते, मीही तेच म्हणत होते. रात्रीचा प्रवास, मुलीची जात, वगैरे वगैरे. त्या दिवशी घरी येताना माझी मलाच लाज वाटली. दाराला कडी नाही म्हणून मुलीनं आवडीचं काम सोडायचं? दोष कामाचा की दाराचा?

मैत्रिणींनो, तुमच्या गावात नाटक येतं तेव्हा प्रयोगानंतर आपण नटनट्यांबरोबर फोटो काढायला आत जातोच. पुढच्या वेळी तिथलं बायकांच्या स्वच्छतागृहाचं दारही उघडून बघा. आपल्याकडची कितीतरी नाट्यगृहं नगरपालिकांची, म्हणजे आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीतून चालणारी. तिथल्या खुर्च्या आणि एसीबद्दल तक्रार करणारे पुष्कळ असतात. आपल्या महिला मंडळानं, भिशीच्या ग्रुपनं एक साधा अर्ज द्यावा: कडी, पाणी आणि दिवा. अर्जाची पोच घ्यावी आणि महिन्यानं पुन्हा जाऊन विचारावं.

आपण तिकिटाचे पैसे मोजतो म्हणून सगळं झालं असं समजतो. पण आपल्या गावात रात्रीबेरात्री येणारी ती मुलगी आपली पाहुणीच की. पाहुणीला आधी पाणी विचारायची आपली रीत आहे. ते तिला निर्धास्तपणे पिता यावं, एवढं तरी आपण नक्की करू शकतो.